अकरा ठसे

“सर, ठसा कधी खोटं बोलतो का?”

केतकी धांडेनं हे विचारलं तेव्हा तडवी सर कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून चहा पीत होते. तिच्या काखेत निळी फाइल होती. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. ते सरांच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच.

सरांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली.

“नाही.”

केतकीचा चेहरा खुलला.

“तो बोलतच नाही,” सर म्हणाले आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.

केतकीला हे उत्तर पटलं की नाही, तिचं तिलाच कळेना. पण फाइल दाखवायची घाई होती. फाइलीत तिच्या आयुष्यातला पहिला खरा तपास होता.

हे प्रकरण काय होतं ते सांगायचं तर आठ-नऊ दिवस मागं जायला हवं.

सुभान तडवी अठ्ठावीस वर्षं पोलीस खात्यात ठसेतज्ज्ञ होते. कुठं चोरी झाली, खून पडला, की ब्रश आणि पावडरची पेटी घेऊन तिथं पोचायचं. कपाटाच्या दारावर, पेल्याच्या काठावर, खिडकीच्या गजावर लागून गेलेली बोटं उजेडात आणायची. उभी नोकरी यातच गेली. निवृत्तीनंतर ते सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या गावी राहत. तापीकाठच्या या कॉलेजनं त्यांना पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी बोलावून घेतलं होतं. गुन्हे-तपासाचं शास्त्र शिकणारी चाळीस पोरं तिथं होती. तीन वर्षं त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. आता हातानं करून बघायचं होतं.

माणूस अबोल. डोक्याला लोकरीची टोपी, शर्टाच्या खिशात भिंग, आणि विचारलेल्या प्रश्नाला अर्धंच उत्तर. पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ‘फकीरबाबा’ ठेवलं. ते सरांच्या कानावर गेलंच असणार.

जुन्या वसतिगृहाची नऊ नंबरची खोली त्यांनी घटनास्थळासारखी मांडली. उलटी पडलेली खुर्ची, फुटलेला पेला, गेरू कालवून फरशीवर सांडलेलं रक्त, आणि भुसा भरलेला एक पुतळा. पुतळ्याला पोरं ‘अण्णासाहेब’ म्हणू लागली.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना दाराबाहेर उभं केलं. अर्धा तास. आत जायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही.

“दिसतं ते लिहा.”

केतकीनं सात मिनिटांत कागद दिला. मारेकरी ओळखीचा होता, झटापट झाली, मारणारा डावखुरा असावा, असं बरंच काही त्यात होतं.

सरांनी कागद वाचला. परत दिला.

“यातलं दिसलं काय?”

“सर, पेला डाव्या बाजूला फुटलाय, म्हणजे—”

“पेला दिसला. बाकीचं तू सोबत आणलंस.”

वर्गात कुणी हसलं नाही. पण केतकीला हसण्याचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. शाळेपासून तिनं पहिला नंबर सोडला नव्हता. कॉलेजातले मास्तरही अडलं की तिला विचारत. आणि हा टोपीवाला म्हातारा तिचा कागद एका वाक्यात परत करत होता.

दाखवीनच, असं तिनं मनाशी म्हटलं.

तशी पोर खरंच हुशार होती. ब्रश धरायला शिकली ती एका दिवसात. इतरांच्या हातून पावडरीचे ढीग पडत, ठसे बुजून जात. तिचा ब्रश पृष्ठभागाला टेकतो की नाही, कळत नसे.

प्रयोगशाळेत वच्छलामावशी कामाला होत्या. वच्छला सपकाळे. झाडणं, काचसामान धुणं, कपाटं आतून-बाहेरून पुसणं, हे सगळं त्याच करत. नऊ वर्षं झाली होती, पण नोकरी ठेकेदाराची. आज आहे, उद्याचं सांगता येत नाही, अशी.

शाई लावून बोटांचे नमुने घ्यायला पोरं शिकत होती. एकमेकांचेच घेत. कोवळी बोटं, ठळक रेषा, कुणालाही जमावं.

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, “राबलेला हात आणा.”

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मावशी तिथंच फरशी पुसत होत्या. त्यांनी फडकं बादलीत टाकलं, हात पदराला कोरडे केले आणि पुढं धरले.

“माझे चालतात का बघा.”

चालत नव्हते. साबणानं, सोड्यानं बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. कार्डावर नुसते काळे डाग उमटत. चौघांनी नाद सोडला. केतकीनं सोडला नाही. शाई कमी केली, दाब कमी केला, एकेक बोट पुन्हा पुन्हा पुसलं. मावशी पाऊण तास तशाच बसून होत्या. हात असा सैल सोडलेला, जणू त्यांचा नव्हताच.

पाचव्या खेपेला दहाही बोटं स्वच्छ आली. उजव्या अंगठ्यावर चक्र होतं, आणि त्या चक्रातून आडवी गेलेली एक जुनी चीर.

मावशींनी कार्ड उजेडाकडं धरलं.

“अगं बाई! माझ्या बोटांवर एवढी नक्षी आहे?”

सर वाकून बघून गेले. “बरं आलंय,” म्हणाले.

तेवढ्या दोन शब्दांनी केतकीला दिवसभर भूक लागली नाही. कार्डावर नाव-तारीख घालून तिनं ते आपल्या फाइलीत जपून ठेवलं.

मग गुरुवार आला.

तडवी सर त्या दिवशी नव्हते. जुन्या खटल्यात साक्ष द्यायला त्यांना जिल्ह्याच्या कोर्टात जावं लागलं होतं. आणि नेमकं त्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटातून कॅमेऱ्याची लेन्स नाहीशी झाल्याचं ध्यानात आलं. ठशांचे अगदी जवळून फोटो घ्यायची ती लेन्स. दोन वर्षं मागण्या करकरून कॉलेजला मिळालेली. खोकं कपाटात जागेवर होतं. उघडलं तर रिकामं.

विभागाचे प्रमुख झांबरे सर. त्यांना घाम फुटला.

“पोलिसांत गेलं तर पेपरात येईल,” ते म्हणाले. “गुन्हे-तपास शिकवणाऱ्या कॉलेजात चोरी! तोंड दाखवायला जागा राहणार नाही. धांडे, तू बघ. आपल्याच घरात शिकलेली माणसं आहेत.”

केतकीनं पाहिलं.

आणि काय सुरेख पाहिलं! आधी कपाटाचे फोटो. मग मोजमाप, आराखडा. फळीवर काळी पावडर, काळ्या खोक्यावर पांढरी. एकेक ठसा वर आला तसा चिकटपट्टीवर उचलला, क्रमांक दिला. अकरा ठसे मिळाले. कपाटाच्या किल्ल्या तिघांकडं असत: झांबरे सर, शिबिराची प्रतिनिधी म्हणून स्वतः केतकी, आणि मावशी.

तिनं फाइलीतून मावशींचं कार्ड काढलं. भिंगाखाली धरलं.

उजवा अंगठा. चक्र. आडवी चीर.

तिनं भिंग पुसून पुन्हा पाहिलं. वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या क्षणी वाईट वाटण्याहून मोठं काहीतरी वाटत होतं. जुळलं होतं! पुस्तकात नव्हे, खरोखरीच्या कपाटात, तिच्या हातानं जुळलं होतं.

दीड पानाचा अहवाल तिनं झांबरे सरांच्या टेबलावर ठेवला: ‘कपाटाच्या आत, लेन्सच्या खोक्यालगत, वच्छला सपकाळे यांचे सात ठसे आढळले.’

झांबरे सरांनी ठेकेदाराला फोन केला. मग मावशींना बोलावलं.

“चौकशी होईपर्यंत उद्यापासून येऊ नका.”

“कसली चौकशी, साहेब?”

“कळेल ते.”

मावशी केबिनबाहेर आल्या. दाराशी केतकी उभी होती.

“काय झालं गं? तुला ठाऊक आहे का काही?”

“...झांबरे सर सांगतील, मावशी.”

मावशींनी बादली पालथी घातली, फडकी पिळून दोरीवर टाकली, आणि चार वाजताच घरी निघून गेल्या. एरवी त्या साडेपाचला जात.

शुक्रवारी सकाळी केतकी फाइल घेऊन व्हरांड्यात आली, तीच ही वेळ. 

सरांनी बशी खाली ठेवली. चष्मा लावला. अहवाल वाचायला घेतला, आणि इतक्या सावकाश वाचला की समोरच्या मैदानावर खो-खोचा एक डाव संपला.

“फोटो चांगलेत,” ते म्हणाले.

“थँक्यू, सर.”

“अकरा ठसे.”

“हो.”

“सात तिचे.”

“हो, सर. खात्रीनं. पुन्हा तपासलेत.”

“उरलेले चार?”

“ते आपलेच, सर.”

“आपले म्हणजे?”

“एक झांबरे सरांचा. तीन माझे. ते वगळले मी.”

“का?”

केतकीला प्रश्नच कळला नाही.

“सर... मी लेन्स घेतलेली नाही.”

“हे ठशात दिसलं?”

मैदानावर शिट्टी वाजली. कुणीतरी बाद झालं होतं.

“सर, पण ते मला माहीतच आहे ना!”

“तिलाही तिचं माहीत असेल.”

केतकी जरा चिडूनच म्हणाली, “मग ठशांचा उपयोग काय, सर? मावशींचं बोट तिथं लागलंय, हे तर खरं?”

“खरं.”

“मग?”

“ती कपाट रोज पुसते.”

केतकीनं अहवाल स्वतःकडं ओढला.

“काल कोर्टात वकिलानं मला विचारलं,” सर म्हणाले, “हा ठसा कधीचा? म्हटलं, सांगता येत नाही. बोट लावलं तेव्हा या माणसाच्या मनात काय होतं? म्हटलं, सांगता येत नाही. तो वैतागला. म्हणाला, अठ्ठावीस वर्षं नोकरी केलीत, मग तुम्हाला सांगता येतं तरी काय?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, हे बोट इथं लागलं होतं.”

“आणि?”

“आणि काय. खाली बसलो.”

सर उठले. प्रयोगशाळेत गेले. केतकी मागोमाग गेली. टेबलावर शाईचं पॅड होतं. सरांनी शाई पसरली, कोरं कार्ड पट्टीत अडकवलं आणि तिच्याकडं हात केला.

“दे.”

“कोणाचं कार्ड, सर?”

“तुझा हात दे.”

चाळीस जणांचे नमुने घेताना तिनं शेकडो बोटं हाताळली होती. स्वतःची दिली होती ती मैत्रिणींना, हसत-खिदळत. आज सरांनी तिचा अंगठा चिमटीत धरला आणि तिला एकदम कसंसंच झालं. दुसऱ्याच्या हातात आपलं बोट. तो वळवील तिकडं वळायचं. ते बोट तिच्या नकळत ताठ झालं.

ठसा फिसकटला.

“सैल सोड.”

तिनं सोडला. पुन्हा ताठ झाला. पुन्हा फिसकटला.

सरांनी दुसरं कार्ड घेतलं. तिसरं घेतलं.

“मावशींचा हात पाच खेपा घेतला आपण,” सर म्हणाले. “एकदाही ताणला नाही तिनं.”

केतकीची मान खाली गेली होती. मावशी पाऊण तास कशा बसल्या होत्या, ते तिला आता आठवत होतं. आणि त्या बसल्या होत्या कशासाठी, तेही.

चौथं कार्ड नीट आलं. सरांनी ते तिच्यापुढं सरकवलं.

“लिही आता. ठसे अकरा. माणसं तीन. कुठला ठसा कुठं, कुणाचा. पुढं काही लिहायचं नाही.”

ती लिहायला बसली. मावशींचे सात फळीवर. झांबरे सरांचा एक, दाराच्या आतल्या कडेला. मग तिचा पेन थांबला.

तिचे तीन कुठं होते, ते तिनं काल नीट पाहिलंच नव्हतं. आपले आहेत असं दिसताच चिकटपट्ट्या बाजूला ठेवल्या होत्या. आता क्रमांक लावून बघितलं. तिन्ही खोक्यावर होते. लेन्सच्या खोक्याच्या झाकणावर.

मावशींचं बोट खोक्याला कुठंच लागलेलं नव्हतं.

“सर...”

सर खिडकीपाशी पाठ करून उभे होते.

“सर, हे असं लिहिलं तर वाचणारा मलाच धरेल.”

सर वळले नाहीत.

दहा मिनिटं गेली असतील. लिहावं की नाही, एवढाच प्रश्न होता. सातच्या पुढं ‘व इतर’ असं लिहून भागलं असतं. कुणी विचारलंही नसतं. सरांनीही कदाचित पुन्हा पाहिलं नसतं. ...पाहिलं असतं.

तिनं लिहिलं: ‘लेन्सच्या खोक्याच्या झाकणावर केतकी धांडे हिचे तीन ठसे आढळले.’

स्वतःचं नाव असं परक्याच्या नावासारखं लिहिताना अक्षर वाकडं आलं.

झांबरे सरांनी नवा अहवाल वाचला आणि हसायलाच लागले.

“अगं, हे काय! तुझं नाव कशाला घातलंस? वेडी आहेस का?”

“होते, सर. म्हणून घातलं.”

“पण तुझे असणारच की! तू रोज खोकं उघडतेस...” बोलता बोलता ते थांबले. कागदाकडं पाहिलं. मग केतकीकडं.

फार नाही, एखादा क्षण. तीन वर्षं हा माणूस तिच्याकडं कौतुकानं बघत आला होता. त्या एका क्षणात त्यांच्या नजरेत काहीतरी तपासल्यासारखं आलं आणि गेलं. त्यांनी लगेच नजर सावरली, टेबलावरचा कागददाब उगाच सरकवला.

पण केतकीनं ती नजर पाहिली. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी ‘मी नाही घेतली हो’ असं ओरडावंसं वाटलं. आणि ओरडलं तर ते आणखी वाईट दिसेल, हेही त्याच वेळी कळलं.

काल चार वाजता मावशी या दारातून बाहेर पडल्या होत्या, त्या हेच घेऊन.

“सर,” ती कशीबशी म्हणाली, “आपण लेन्स शोधू या का?”

“म्हणजे?”

“कालपासून आपण चोर शोधतोय. लेन्स कुणी शोधलीच नाही.”

मग शोधाशोध झाली. प्रयोगशाळा, स्टाफरूम, नऊ नंबरची खोली. अण्णासाहेबांच्या पोटाखालीसुद्धा पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासानं एका मुलाला वसतिगृहाच्या माळ्यावर जुन्या कॅमेऱ्याची पिशवी दिसली. तो कॅमेरा बंद पडून वर्ष झालं होतं. बुधवारच्या फोटोंच्या सरावाच्या गडबडीत कुणीतरी लेन्स त्याच्यावर चढवून बघितली होती, आणि तशीच आत ठेवून दिली होती. रिकामं खोकं मात्र शहाण्यासारखं कपाटात परत गेलं होतं.

कुणी चढवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. चाळीस पोरांच्या हातांतून कॅमेरे फिरले होते त्या दिवशी.

झांबरे सरांनी सुटकेचा श्वास टाकला, ठेकेदाराला फोन लावला, “गैरसमज झाला होता, बाईंना सोमवारपासून पाठवा,” असं सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं विषय मिटला.

केतकी दुपारी स्कूटी काढून मावशींच्या घरी गेली. कालव्यापलीकडं चार-सहा घरांची ओळ होती. मावशी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. केतकीला पाहून त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

“मावशी, लेन्स सापडली. कुणी चोरली नव्हती.”

“फोन आला ठेकेदाराचा.”

“माझं चुकलं, मावशी. मी... तुमच्या बोटांचं कार्ड होतं ना माझ्याकडं, ते मी लावून बघितलं. तुम्ही कपाट पुसता, हे डोक्यातच आलं नाही माझ्या.”

मावशींनी एक पाकळी सोलून ताटलीत टाकली. दुसरी घेतली.

“मला वाटलं, पोर शिकते. तिच्या उपयोगी पडावं, म्हणून दिला हात.”

केतकी ओट्याच्या पायरीवर टेकली.

“काल लवकर घरी आले, तर सुनेनं विचारलं, काय झालं. काय सांगू तिला? मलाच ठाऊक नव्हतं. अंग दुखतंय म्हटलं. रात्री नातू पाय दाबत बसला. खोटंच.”

केतकीनं ते कार्ड आणलं होतं. दोन्ही हातांनी पुढं केलं.

“हे तुमचं आहे.”

मावशींनी हात पुसले. कार्ड घेतलं. त्या दहा काळ्या ठशांकडं जरा वेळ बघितलं. त्या दिवशी उजेडाकडं धरून बघितलं होतं तसं नाही. तहसीलच्या कागदाकडं बघावं तसं. मग त्याच्या दोन घड्या घातल्या आणि कमरेला खोचलं.

“सोमवारी येते,” म्हणाल्या. आणि आत तोंड करून हाक दिली, “पाणी आण गं, कॉलेजातली बाई आलीय.”

नऊ दिवस त्या तिला ‘पोरी’ म्हणत होत्या.

सोमवारी मावशी आल्या. झाडलं, पुसलं, बाटल्या धुतल्या. सगळं होतं तसं सुरू झालं. दुपारच्या सरावाला एका मुलानं सहज हाक मारली, “मावशी, जरा हात द्या ना, माझं अजून जमलेलं नाही.”

मावशींनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“नको रे बाबा. काम पडलंय.”

त्याला काही वाटलं नाही. तो दुसरीकडं गेला. केतकी मात्र बघतच राहिली.

मंगळवारी तिच्या ध्यानात आलं, की ती जवळून गेली तरी मावशींचे हात आत जातात. मुद्दाम नव्हे. त्यांना स्वतःला कळतही नसावं.

अहवाल दुरुस्त झाला होता. माफी मागून झाली होती. झांबरे सर तिच्याशी पूर्वीसारखे, किंबहुना जरा जास्तच गोड वागत होते. तरी तिची नजर मावशींच्या हातांवरून हलेना. तिनं एक छोटी वही सुरू केली.

बुधवारी शिबिर संपलं. पोरांनी सरांना नारळ, शाल दिली, फोटो झाले. गर्दी पांगल्यावर तडवी सर प्रयोगशाळेत एकटेच आपली पेटी आवरत होते. ब्रशातली पावडर टेबलाच्या कडेवर हलके झटकत होते.

केतकी आत आली.

“सर, एक दाखवायचं होतं.”

तिनं वही दिली. सरांनी चष्मा लावला. वाचू लागले.

‘सोमवार, दुपारी अडीच. दोन्ही हात पदराखाली. मंगळवार, सव्वादहा. उजवा हात बादलीवर. मी तीन पावलांवर येताच आत. मंगळवार, दुपारी चार. दोन्ही आत. बुधवार, साडेअकरा. डावा हात बाहेर, साधारण अर्धा मिनिट.’

अशी चार पानं होती. वेळ, जागा, अंतर, सगळं.

“निष्कर्ष कुठंच लिहिला नाही, सर,” केतकी म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, आणि थोडी आशाही. “फक्त दिसलं तेच लिहिलंय.”

“कशासाठी?”

“ज्या दिवशी माझ्यासमोर दोन्ही हात बाहेर राहतील ना, त्या दिवशी समजेन, की मावशींनी मला माफ केलं. तोपर्यंत रोज लिहिणार आहे.”

सरांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. नोंदी बिनचूक होत्या. पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या सात मिनिटांच्या कागदाशी यांचं काही नातं नव्हतं.

“चांगलं लिहिलंयस,” ते म्हणाले.

केतकीचे डोळे भरून आले.

बाहेर व्हरांडा झाडण्याचा आवाज येत होता. मावशींचा झाडू फरशीवरून पुढं जात होता, थांबत होता, पुन्हा पुढं जात होता...

सरांनी वही मिटली. तिच्या हातात ठेवली.

“तिला विचारलंस?”